बत्तीसचे चोवीस

माणसाला एक खोटं पचलं की त्याला वाटतं, आता आपलं पोट दगडाचं झालं. तसं काही नसतं हो. देऊळघाटच्या उत्तमराव सोनुन्यांना चाळीस वर्षं पचलेलं खोटं मार्गशीर्षातल्या एका सकाळी, अंगणात ऊन खात बसले असताना, मोबाइलमधून परत आलं. आणि आलं तेही वाजतगाजत.

त्याचं असं झालं. फौजेतल्या जुन्या बँडवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. अठ्ठावीस म्हातारे, दिवसभर एकमेकांना गुलाबाची फुलं आणि गुडघेदुखीचे काढे पाठवत बसतात. त्यात साताऱ्याच्या एकानं एक गाणं टाकलं आणि खाली लिहिलं की, आपल्या चौऱ्याऐंशी सालच्या मोठ्या कार्यक्रमाची टेप अडगळीत सापडली, मुंबईच्या स्टुडिओत तिची खरखर काढून रीमास्टर करून घेतली, टाचणी पडली तरी ऐकू येईल, सगळ्यांनी ऐका. लगेच खाली अंगठ्यांची आणि हात जोडल्याची रांग लागली.

उत्तमरावांकडे त्याच कार्यक्रमाची एक कॅसेट होती. पंचाऐंशी साली आलेली, कपाटात फौजेच्या कागदांखाली ठेवलेली. त्या कॅसेटमध्ये पाऊण तास नुसती खरखर, आणि तिच्या पलीकडे कुठंतरी बँड. कोण काय वाजवतंय, देव जाणे. त्या खरखरीवर उत्तमरावांचा मोठा जीव होता, कारण तिच्यात हॉर्न वाजवणारा त्यांचा सोबती शेषराव ऐकू येत नव्हता.

त्यांनी मुलाचे हेडफोन कानांवर चढवले. पहिला भाग गेला, दुसरा गेला. स्वतःचं क्लॅरिनेट त्यांना ओळखू आलं, आणि खोटं कशाला बोला, जरा छातीही फुगली. मग तिसरा भाग सुरू झाला. एक जागा आली, जिथं हॉर्न यायला पाहिजे, आणि तिथं हॉर्न आला नाही. बँड पुढे गेला. एक, दोन, तीन, असे उत्तमराव नकळत मोजू लागले. आठ झाले आणि हॉर्न आला.

असा स्वच्छ आला, की जणू शेषराव शेजारच्या खाटेवर बसून वाजवतोय. एक सूर हलला नाही, एक ठोका लडखडला नाही. भोवती सगळा बँड दुसरंच काही वाजवत होता आणि तो आपला एकटा, दुसऱ्याच्या लग्नात चुकून पंगतीला बसलेल्या माणसासारखा, मान खाली घालून शेवटपर्यंत आपलं काम करत होता.

उत्तमरावांनी हेडफोन ओढून काढले. कलाबाई चहा घेऊन आली होती.

"काय झालं वो? तोंड काऊन असं झालं?"

"काही नाही. कान दुखला."

कान कसला दुखतो! पण बायकोला सांगणार काय? तिलाही चाळीस वर्षांत सांगितलेलं नव्हतं.

आता ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावीच लागेल. उत्तमराव देऊळघाटचे, शेषराव रोहिणखेडचा. दोघंही वांगी-मिरच्या लावणाऱ्या घरातले, दोघंही एकाच भरतीत फौजेत गेले आणि दोघांनाही कवायतीपेक्षा वाजवणं बरं जमायचं, म्हणून बँडात पडले. एक क्लॅरिनेटवर, एक हॉर्नच्या वळणदार पितळी कर्ण्यावर. उत्तमरावांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून स्वरलिपीचे कागद उतरवून काढायचं कामही त्यांच्याच गळ्यात. सत्तेचाळीस वाजवणारे, प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि सगळे हातानं लिहायचे.

बँडमास्टर मोठा हौशी माणूस. लग्नातल्या आणि परेडच्या चालींनी त्याचं समाधान होईना. त्यानं युरोपातल्या कुणा म्हाताऱ्याची एक अगडबंब सिंफनी धरली आणि ती बँडासाठी बसवायला घेतली. त्या म्हाताऱ्याचीही एक तऱ्हाच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यानं ती लिहिली, जीव ओतून लिहिली, आणि जिवाभावाच्या माणसांनी सांगितलं, हे काही खरं नाही, बदल. बिचाऱ्यानं तीन वर्षं बसून कापाकापी केली आणि दुसऱ्यांदा लिहिली. पहिली खरी का दुसरी, यावर तिकडं अजून भांडणं चालतात म्हणे.

मास्टरांनी आधी पहिली बसवली होती. उत्तमरावांनी सत्तेचाळीस कागद लिहिले. कार्यक्रमाला नऊ दिवस राहिले आणि कुणीतरी मास्टरांच्या डोक्यात घातलं की दुसरीच चांगली. झालं! सगळे कागद दुरुस्त करायचे. इथं दोन ओळी खोडा, तिथं चार घरं कमी करा. चार ठोक्यांचं एक माप असतं ना, त्याला शेषराव घर म्हणायचा, म्हणून बँडातले सगळेच घर म्हणत. तिसऱ्या भागात हॉर्नला आधी बत्तीस घरं गप्प बसायचं होतं, मग एकट्यानं वाजवायचं होतं. नव्या लिखाणात चोवीसच घरं गप्प बसायचं; हॉर्नच्या कागदात बदल काय तो एवढाच.

शेषराव तेव्हा रजेवर गावी होता. त्याचा कागद त्याच्या फायलीत, फायल पेटीत. उत्तमरावांनी सेहेचाळीस कागद दुरुस्त केले आणि सत्तेचाळिसावा उद्या करू म्हणून ठेवला. त्याच संध्याकाळी देऊळघाटहून तार आली, मुलगा झाला. मग पेढे काय, मिठ्या काय, उत्तमराव दोन दिवस जमिनीवर नव्हते. मास्टरांनी विचारलं, सगळे कागद झाले? उत्तमराव म्हणाले, जी साब.

शेषराव कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पोचला. दोन रात्री रेल्वेत उभ्यानं काढलेल्या, डोळे लाल भडक. तालीम मिळालीच नाही. मास्टर म्हणाले, कागद बघून वाजव, तुझ्यावर भरवसा आहे. दुपारी तीन वाजता मोठमोठे साहेब, त्यांच्या बायका, रेकॉर्डिंगवाले, सगळे बसले. शेषरावानं कागद पाहिला, बत्तीस घरं मोजली, आणि वाजवलं. बरोब्बर मोजली.

कार्यक्रम संपल्यावर कागद गोळा करायचं काम उत्तमरावांचं. त्यांनी हॉर्नचा कागद उघडला. बत्तीस. त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात.

तिथंच धावत जाऊन मास्टरांपुढं कागद टाकला असता तर काय झालं असतं? शिव्या पडल्या असत्या, शिक्षा झाली असती, फार तर कागदांचं काम गेलं असतं. हे उत्तमरावांना आज कळतं. तेव्हा मात्र त्यांच्या खिशात मुलाच्या जन्माची तार होती आणि डोक्यात एवढंच, की मुलगा पाच दिवसांचा आहे आणि आपल्याला घरी पाठवतील. त्यांनी दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं, बत्तीसचा आकडा हलक्या हातानं खरवडला, वर नख घासून कागद गुळगुळीत केला आणि चोवीस लिहिलं. अक्षर चांगलं होतं ना! कुणाच्या बापाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेषरावाला उभं केलं. तो म्हणाला, साहेब, माझ्या कागदावर बत्तीस होते. मास्टरांनी कागद त्याच्या तोंडासमोर धरला. शेषरावानं कागद पाहिला, पुन्हा पाहिला, मग रांगेत उभ्या असलेल्या उत्तमरावांकडं पाहिलं. संशयानं नाही हो. आधारासाठी पाहिलं, की बाबा, तू तरी सांग, मला वेड लागलंय का. उत्तमरावांनी बुटाकडं पाहिलं. लाल डोळ्यांवरून, पिऊन आला, वर साहेबांशी खोटं बोलला, असा ठपका बसला आणि तीन महिन्यांत शेषराव घरी गेला. ना पेन्शन, ना चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

तर त्या सकाळी उत्तमरावांचा चहा तसाच निवला. ग्रुपवर तोवर एकानं लिहिलं होतं, 'हा ऐका आपला शेषराव, फुल टाइट, आठ घरं मागे', आणि खाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं. उत्तमरावांनी मोबाइल पालथा घातला.

चौथ्या दिवशी फोन आला. संजीवनीचा, शेषरावाच्या मुलीचा. शेषराव जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ही त्याची एकुलती एक, मोताळ्याच्या शाळेत गणिताची मास्तरीण, आईजवळ राहून रोज जाऊन-येऊन नोकरी करणारी. साताऱ्याच्या त्या माणसानं तिलाही गाणं पाठवलं होतं.

"काका, ऐकलं तुम्ही? बाबाचा हॉर्न ऐकला?"

"ऐकला पोरी."

"मी दहा डाव ऐकला. मंग मी नेटवर शोधलं. ती सिंफनी दोन तऱ्हेनं लिहेल हाये. पहिल्या लिखाणात हॉर्नच्या आधी बत्तीस घरं रिकामे हायेत, दुसऱ्यात चोवीस. म्या दोन्ही लावून ठोके मोजले. बाबानंच शिकवलं होतं मले मोजाले. काका, बाबा आठ घरं उशिरा आले. सात नाही, नऊ नाही. पेलेला माणूस इतका नेमका चुकते काय?"

उत्तमरावांनी मोबाइल या कानावरून त्या कानावर घेतला.

"बाबा पहिलं वाजवत होते, बाकीचे सारे दुसरं," ती म्हणाली. "कागद तुम्ही लिवत होते ना? तुमाले काही म्हनत नाही मी, सत्तेचाळीस कागदात एखादा ऱ्हाते. तुम्ही फक्त एक डाव या अन् आईसमोर एवढंच सांगा, की बाबाच्या कागदावर बत्तीस असू शकते. आई अजूनबी त्यायचा फोटो भिंतीवर लावू देत नाही, काका. पंधरा वर्स झाले, फोटो माह्या पेटीत हाये."

पोरगी हुशार. पण बिचारीला ब्लेडचं माहीत नव्हतं. तिनं उत्तमरावांना पळवाट स्वतःच काढून दिली होती. असू शकते. बस्स, दोन शब्द. चूक मान्य करायची, पाप नाही. उत्तमरावांनी दोन दिवस ते दोन शब्द घोळवले. आंघोळ करताना, जेवताना, देवापुढं. तिसऱ्या दिवशी गजेंद्राला म्हणाले, गाडी काढ, रोहिणखेडला जाऊन येऊ.

गजेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा, तोच तारेतला. आता चाळिशी उलटलेली, टाळूवरचे केस गेलेले, बुलढाण्याला बियाण्यांचं दुकान. दुकान नोकरावर टाकून आला म्हणून कुरकुरत होता.

"काय काम हाये बाबा रोहिणखेडले? फोनवर नाही होत काय?"

"नाही होत."

"शेषराव काका जाऊन जमाना झाला. आता काय भाषन द्या लागते तुमाले?"

"गप बस ना बे. गाडी चालव."

राजूरच्या घाटात उत्तमरावांनी थांब म्हणून सांगितलं. वळणं सोसत नाहीत, असं ते म्हणाले. गजेंद्रानं गाडी कडेला घेतली, पाणी दिलं. तिथंच त्यांना म्हणावंसं वाटलं, चल, फीर माघारी. पण मागून ट्रक हॉर्न मारायला लागला आणि गाडी पुढे निघाली.

रोहिणखेडात जुन्या मशिदीवरून आत वळलं की तिसरं घर. विमलबाई, शेषरावाची बायको, घरापुढच्या वसरीत सुक्या मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत बसली होती. साठी उलटलेली, वाळकी, डोळे मात्र अजून तिखट. उत्तमरावांना पाहून तिनं पदर सारखा केला.

"या भाऊजी. लय दिवसानं वाट चुकले."

"हाव वयनी. बऱ्या हाये ना?"

"मले काय धाड भरली! बसा."

संजीवनीनं खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं, चहा टाकला. तिच्या हालचालीत दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी घाई होती. चहा होईस्तोवरही तिला दम निघेना. तिनं मोबाइल मधोमध ठेवला आणि तिसरा भाग लावला. मिरच्यांच्या खकाण्यात, त्या वसरीत, सत्तेचाळीस माणसांचा बँड वाजू लागला. विमलबाई देठं खुडतच राहिली. हॉर्न आला तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"हा तो हाये?" तिनं विचारलं.

"हाव आई. हे बाबा."

"मले कधी आयकवलं नाही त्यानं," विमलबाई म्हणाली, आणि पुन्हा मिरची उचलली.

मग संजीवनीनं सगळं सांगितलं. दोन लिखाणं, बत्तीस, चोवीस, नेमकी आठ घरं. वर्गातल्या मुलांना सांगावं तसं बोटांवर मोजून सांगितलं. शेवटी उत्तमरावांकडं वळून म्हणाली, "सांगा काका."

"हो वयनी," उत्तमराव म्हणाले. "म्हंजे असं... त्याच्या कागदावर बत्तीस असू शकते. माह्याकडून दुरुस्त कराचं ऱ्हाऊन गेलं असन. लय कागद होते."

संजीवनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आयकलं ना आई? आयकलं ना?"

विमलबाईनं दोन मिरच्या खुडल्या. मग म्हणाली, "पण साहेबानं दुसऱ्या दिवशी कागद पाह्यला, तवा त्याच्यावर चोवीस होते. त्यानं सोता पाह्यले. घरी येऊन मले त्यानंच सांगतलं, की विमल, कागदावर चोवीस होते, मले समजत नाही. रातच्यातून आकडा बदलते काय भाऊजी?"

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण मास्टरांनी, साहेबांनी, गणिताच्या मास्तरणीनं, कुणीच न विचारलेला प्रश्न तिनं विचारला. उत्तमरावांचे दोन शब्द तिथंच संपले. पुढं बोलायला त्यांच्याजवळ खऱ्याखेरीज काही उरलं नव्हतं.

"म्या बदलला," ते म्हणाले. "त्याच दिवशी सांजच्याला. ब्लेडनं खरवडून."

गजेंद्र खुर्चीत सरळ झाला. "बाबा?"

"हा पाच दिवसाचा होता," मुलाकडं न पाहता उत्तमराव म्हणाले. "मले वाटलं, माही नोकरी जाईन. म्या त्याले मरू देल्लं, वयनी. तो माह्याकडं पाहून राह्यला होता अन् म्या खाली पाह्यलं."

संजीवनी उठली. क्षणभर वाटलं, ही आता म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारते. तशी ती मारणारच होती, हात वर गेलाही होता. पण तो तिनं स्वतःच्याच तोंडावर घेतला आणि ओरडली, "तुम्ही चोर हाये काका! तुम्ही माह्या बापाचं सारं आयुष्य चोरलं!" आणि त्याच दमात आईकडं वळून, रडत, हसत, "पण बाबा खरे होते आई! बाबा खरे होते!"

विमलबाई रडली नाही, ओरडली नाही. ढिगावरचा हात तिनं पदराला पुसला.

"तुम्ही त्याच्या तेरवीले आल्ते भाऊजी. म्या तुमाले वाढलं होतं. तवाबी हे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"अन् जेवले तुम्ही?"

"जेवलो."

तिनं मांडीवरची देठं झटकली. मग जे सांगायला लागली, ते संजीवनीलासुद्धा माहीत नव्हतं. तिला एक भाऊ होता, एवढंच गावानं सांगितलेलं.

"तो फौजेतून आला, तवा माहा गणेश तीन वर्साचा होता. गावात बोंब झाली, शेषरावाले पेला म्हनून हाकललं. माहा बाप आला, भाऊ आले, म्हने चाल माहेरी. म्या म्हनलं, थांबा, याले खरं-खोटं करू द्या. मारोतीच्या पारावर पाच मानसं बसवले. गणेशले म्या सोता कडीवर घेऊन गेली, त्याच्या पुढं उभा केला, अन् म्हनलं, ठेव याच्या डोक्यावर हात, अन् सांग." विमलबाईचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "त्यानं ठेवला. म्हने, म्या थेंब घेतला नाही, अन् माह्या कागदावर बत्तीसच होते. बाराव्या दिवशी गणेशले हगवन लागली. बुलढान्याले नेता नेता घाटात गेला. माह्या मांडीवर."

चहा उतू गेल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

"साऱ्या गावानं म्हनलं, खोटी शपथ भोवली. म्याबी म्हनलं. त्याच्या तोंडावर म्हनलं, तू पोरगं खाल्लं. एक दिवस नाही, रोज. तो पह्यले भांडे, मंग गप ऱ्हाये. मंग एक दिवस म्हने, हाव विमल, पेलो असन मी, चुकलो असन मोजाले. त्याच्यानंतर तो खरंच प्याले लागला." तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. "मराच्या दिवशी मले हाका मारे. म्या अठीच बसून मिरच्या खुडत होती. पानी या पोरीनं पाजलं. म्या उठली नाही."

"आई," संजीवनी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "म्हनून बाबानं माह्या डोक्यावर कधी हात नाही ठेवला? मी पहिली आली तरी, माहं लगन मोडलं तरी? मले वाटे, मी त्यायले आवडतच नाही."

विमलबाईनं मिरच्यांचा ढीग बाजूला सारला. ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हंजे शपथ खरी होती."

उत्तमराव खुर्चीवरून खाली उतरले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे वाजले, जमिनीवर बसले आणि विमलबाईच्या पायांकडं हात नेले. शपथेचं त्यांना आज कळत होतं. पोरगं आजारानं गेलं, एवढंच त्यांनी तेव्हा ऐकलं होतं, आणि पन्नास रुपयांची मनिऑर्डर पाठवली होती. आपण येऊन खरं सांगू, पोरगी आणि वयनी रडतील, शिव्या देतील, आणि मग फोटो भिंतीवर लागेल, असं काहीबाही त्यांनी घाटात मनाशी रचलं होतं. त्या बाईला चाळीस वर्षं एकच धीर होता, की दोष नवऱ्याचा आहे. तोही आपण आज काढून घेतला, हे त्यांना आता दिसत होतं.

विमलबाईनं पाय मागं घेतले.

"पाया नका पडू. मले एक सांगा. तवा कागद म्हने चोवीस, साहेब म्हने चोवीस, तुम्ही गप. सारे खरे अन् तो खोटा. आज तुम्ही म्हंता, तो खरा. उद्या अजून कोनी येईन. म्या कोनाकोनाच्या तोंडावर इश्वास ठेवू?" तिनं गजेंद्राकडं हनुवटी केली. "हा तोच ना, पाच दिवसाचा?"

"हो."

"माह्या गणेशहून तीन वर्सानं लहान. एकच हाये ना तुमाले?"

"एकच."

"मंग ठेवा याच्या डोक्यावर हात. अन् आता सांगतलं ते सारं पुन्हा सांगा."

"आई, हे काय?" संजीवनी म्हणाली.

पण गजेंद्र उठला होता. बापाचा त्याला भयंकर राग आला होता. विज्ञान शिकलेला माणूस, असल्या गोष्टी तो मानत नव्हता. तो येऊन बापापुढं उकिडवा बसला आणि त्यानं आपलं विरळ केसांचं डोकं खाली वाकवलं.

"ठेवा बाबा. खरं हाये ना? मंग भ्याचं काय हाये? ठेवा अन् सोडवा काकूले."

उत्तमरावांनी मुलाची टाळू पाहिली. मध्ये लहानपणीच्या जखमेची खूण होती. खरंच होतं सगळं. शब्द न् शब्द खरा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरा होता. एकदा हात ठेवला की झालं, या बाईला निदान खात्री पटली असती. पण शेषरावही खरंच बोलला होता. खरं बोलून, हात ठेवून, बाराव्या दिवशी त्याचं पोरगं गेलं होतं. उत्तमरावांचा उजवा हात मांडीवर होता तो मांडीवरच राहिला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, खरोखर केला. बोटं तेवढी हलली.

"बाबा," गजेंद्र खाली मान घालूनच म्हणाला, "ठेवा ना."

विमलबाई वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती.

"खरं असूनबी हात उठत नाही ना भाऊजी?" ती शेवटी म्हणाली. "त्याचा उठला होता."